भाकरी, नानकटाई आणि पाच रुपयांचा पुडा



ज्वारीची मळणी उरकली. चार एकरांत वीस क्विंटलला थोडी कमीच पडली. एरवी मी इथं रानाचं लिहितो, आज चुलीचं लिहितोय. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

झालं असं, की काढणीच्या दिवसांत आमची मंडळी कडब्याच्या गंजीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात मी, पोरगा, ऐंशीच्या घरातली आई आणि दुसरीतला नातू. तिशीतला पोरगा आणि पन्नाशी ओलांडलेला बाप, दोघंही धडधाकट, पण दोघांनाही चहापलीकडं काही येत नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

पहिले नऊ दिवस बाहेरून आणलं. सकाळी पाव नाहीतर खारी, दुपारी हॉटेलातली भाजी, रात्री कुणी शेजारणीनं चार भाकरी दिल्या तर दिल्या. नातवाला डब्यात बिस्किटाचा पुडा. मी खर्चाची वही ठेवतो. नवव्या दिवशी बेरीज केली तर १,९४० रुपये झाले होते, आणि कुणाचं पोट भरल्यासारखं वाटत नव्हतं. आई म्हणाली, "लेका, घरात ज्वारीची थप्पी लागलीया आन् आपण इकतचा पाव खातुया. हे कुठलं शेतकरीपण?"

ते वाक्य लागलं मला.

आमचा मंगळवेढ्याचा भाग म्हणजे ज्वारीचं कोठार. इथल्या काळ्या रानात एका पावसाच्या ओलीवर मालदांडी पिकते. इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. २०२३ साली तर सगळ्या जगानं तृणधान्य वर्ष साजरं केलं. सभा झाल्या, फलक लागले, आम्हीही टाळ्या वाजवल्या. आणि घरी येऊन पोरांच्या हातात मैद्याचा पुडा दिला.

हिशोब बघा. आमच्या घरात रोज पाच रुपयांचे चार पुडे लागायचे. दोन नातवाला, दोन चहाबरोबर सगळ्यांना. रोजचे वीस, महिन्याचे सहाशे, वर्षाचे ७,२००. गेल्या साली मी ज्वारी ३,००० रुपये क्विंटलनं घातली होती. म्हणजे दोन क्विंटल चाळीस किलो ज्वारी नुसत्या पुड्यांत गेली. आमच्या कोरडवाहू रानात ही अर्ध्या एकराची रास झाली. एका किलोत मध्यम आकाराच्या दहा भाकरी होतात असं धरलं, तर चोवीसशे भाकरी. अर्धा एकर नांगरला, पेरला, राखला, काढला, आणि त्याचे पुडे आणले. पुडा पाचाचाच राहिला, आतली बिस्किटं मात्र वर्षागणिक कमी होत गेली.

मग दहाव्या दिवशी मी काठवट पुढ्यात ओढली. आई शेजारी बसून सांगायची, मी थापायचो. पहिल्या दिवशी एकही भाकरी तव्यापर्यंत धड गेली नाही. आई म्हणाली, "आरं, पाणी उकळू दे की आधी." तेव्हा कारण कळलं नाही, नंतर समजून घेतलं. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नसतं. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच चिकटपणा देतो. म्हणून पीठ उकळत्या पाण्यात कालवून, हाताला सोसेल तसं तळहातानं रगडून मळायचं. जितकं मळाल तितकी भाकरी कडेला चिरत नाही. आणि पीठ ताजं पाहिजे. महिन्याचं दळण एकदम आणलं की पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी मोडणारच. आठ-दहा दिवसांपुरतंच दळावं.

तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी फिरवायचं, ते सुकायला लागलं की उलटायची, दुसरी बाजू नीट भाजायची आणि मग निखाऱ्यावर नाहीतर गॅसच्या जाळावर धरायची. टम्म फुगली आणि पापुद्रा सुटला की जमली. मला अकरा दिवस लागले. पोरगा चार दिवसांत शिकला, त्याचा हात माझ्यापेक्षा मऊ आहे म्हणून असेल.

भाकरी जमल्यावर बाकीचं अवघड नव्हतं. पिठलं पंधरा मिनिटांत होतं. शेंगाची चटणी एकदा कुटली की आठवडाभर पुरते. शिळी भाकरी कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकली की सकाळची न्याहारी झाली. ज्वारी, गहू आणि हरभऱ्याच्या पिठात कांदा, तीळ, तिखट घालून धपाटे केले तर नातू भाजीसुद्धा मागत नाही.

पण नातवाला बिस्किटंच पाहिजे होती. दोन दिवस रुसून बसला. तेव्हा आमचं लहानपण आठवलं. दिवाळीच्या आधी आई घरचं पीठ, साखर आणि डालडा बांधून द्यायची. आम्ही पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन तालुक्याच्या बेकरीत जायचो. भट्टीवाला मजुरी घेऊन आपल्याच पिठाची बिस्किटं, नानकटाई भाजून द्यायचा. नंबर लागायचा, चार-चार तास भट्टीपुढं बसायचो, आणि गरम डबा घेऊन घरी यायचो. म्हणजे भट्टीत भाजलेला खाऊ काही परका नव्हता. फक्त पीठ आपलं होतं.

म्हणून नानकटाई करून बघितली. ओव्हन नाही आपल्याकडं. जुनी जाड लोखंडी कढई घेतली, तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरलं, त्यावर लहान तिवई ठेवली, झाकण लावून दहा मिनिटं तापवली. चांगल्या कुकरमध्ये हा उद्योग करू नका, रिकामा तापून बूड खराब होतं.

माप असं: एक वाटी ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, दोन चमचे बेसन, एक वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी घट्ट तूप, पाव चमचा खायचा सोडा, वेलदोडा. तूप आणि साखर हातानं पांढरं होईपर्यंत फेसायचं, मग पिठं मिसळायची. पाणी घालायचं नाही. गोळा होत नसेल तर चमचाभर तूप वाढवा. लिंबाएवढे चपटे गोळे तूप लावलेल्या ताटलीत लांब-लांब ठेवायचे, कारण ते पसरतात. बारीक जाळावर वीस-पंचवीस मिनिटं. काढताना मऊ लागतात म्हणून कच्ची समजू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. पहिल्या खेपेला मला हे माहीत नव्हतं, मी भाजतच राहिलो आणि खालून कोळसा झाला. दुसऱ्या खेपेला सोळा चांगली निघाली. नातवानं शाळेत वाटली आणि "आज्यानं केलीत" म्हणून सांगून आला.

आता खरं सांगतो. ही नानकटाई स्वस्त पडत नाही. तूप घरचं असलं तरी ते विकलं असतं तर पैसे आलेच असते. ते धरलं तर सोळा नगांना शंभराच्या जवळपास जातात. म्हणून ती सणाची, वाढदिवसाची. जे कुणी 'घरच्या घरी स्वस्तात बेकिंग' म्हणून रोजचं सांगतात, त्यांनी तुपाचा हिशोब एकदा मांडावा.

रोजचा खाऊ म्हणून आपल्याकडं आधीपासूनच एक चीज आहे, तिला आपण खाऊ म्हणत नाही एवढंच. आपल्या सोलापूरकडची कडक भाकरी. पातळ थापायची, मंद जाळावर फडक्यानं दाबत भाजायची आणि चुलीच्या कडेला उभी करून पार ओल जाईस्तोवर सुकवायची. कोरड्या डब्यात महिनाभर राहते. चहात बुडवा, दह्याबरोबर खा, शेंगाची चटणी लावा. चुरा करून गूळ, तूप, दाण्याचं कूट घातलं की मलिदा. नातवाच्या डब्यात आता मलिद्याचे लाडू जातात. तुपाचा चमचा, गुळाचा खडा, बाकी सगळं घरचं.

पण मंडळी, हे लिहायला बसलो ते रेसिपी सांगायला नाही. ती सांगणारे पुष्कळ आहेत. मोबाइलवर रोज कुणीतरी सांगतं, दहा मिनिटांत झटपट, अमुक रुपयांत सगळ्या घराचं जेवण. मी रोज घड्याळ लावून बघितलं. पिठलं पंधरा मिनिटांतच होतं, खोटं नाही. पण त्याच्या आधी दळण निवडणं, गिरणीत नेणं, पाणी भरणं, कांदा-लसूण सोलणं, आणि नंतर भांडी, चूल सारवणं, ओटा पुसणं. पाच माणसांच्या दोन वेळच्या जेवणाला रोजचे साडेचार तास लागले. आमच्या मंडळीनं पस्तीस वर्षं हे केलं, शिवाय रानात खुरपणीला माझ्याबरोबर. मी तिला विचारलं, "एवढं असतंय हे?" ती म्हणाली, "अवो, तुम्ही कधी इचारलंच न्हाई."

शेताचा हिशोब मांडताना आपण घरच्या माणसाची मजुरी धरत नाही, म्हणून पीक नफ्यात दिसतं. स्वयंपाकाचं अगदी तसंच आहे. बाईची मजुरी शून्य धरली की घरचं जेवण स्वस्त दिसतं. खुरपणीला गेलेल्या बाईला रोज द्यावा लागतो, तोच हात घरी चुलीपुढं बसला की फुकट. आणि ती थकली, की घरात पुडा येतो. मग आपणच म्हणतो, हल्लीच्या बायकांना स्वयंपाक नको वाटतो.

म्हणून माझं मत असं आहे, की घरचं खाणं टिकवायचं असेल तर बायकांना उपदेश करून टिकणार नाही. घरातल्या गड्यांनी काठवटीपुढं बसलं तरच टिकेल. साडेचार तास चौघांत वाटले तर कुणाच्याच अंगावर येत नाहीत.

कुणी म्हणेल, मजुरीवर जाणाऱ्याला सकाळी सहाला घर सोडावं लागतं, त्याच्या पोराला पुडा नाही तर काय? बरोबर आहे. ऊसतोडीच्या फडावर मी ती पोरं बघितलीत. त्यांच्या आईबापाला मी काही सुनावणार नाही. मी बोलतोय ते आपल्यासारख्यांबद्दल, ज्यांच्या घरात धान्याची थप्पी आहे आणि दोन-तीन रिकामे हात कट्ट्यावर बसलेत.

यंदा आमच्या घरात दोन गोष्टी ठरल्या. एक, विकायच्या आधी आठ क्विंटल ज्वारी बाजूला काढली. दरसाल पाच ठेवायचो आणि आषाढात विकत आणायचो, तीही चढ्या भावानं. चांगली वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरलीय. दोन, सकाळच्या भाकरी मी करणार, रात्रीच्या पोरगा. दळण त्याच्याकडं.

परवा प्लास्टर निघालं. मंडळी लगेच काठवटीकडं निघाली. डॉक्टरांनी अजून महिनाभर जोर देऊ नको म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, "महिन्यानंतरही सकाळचं माझ्याकडंच." ती काही बोलली नाही. ताटातली भाकरी उचलून कड बघितली आणि म्हणाली, "अजून जाड थापताय."

आता कड पातळ करायची आहे. कुणा गड्याला चांगली जमत असंल तर युक्ती खाली लिहा. बायकांनीही लिहा, पण आपल्या घरातल्या गड्याला शेजारी बसवून लिहा.