श्रवणाचा तास

पानांची सळसळ, विजांचा कडकडाट, पैंजणांची छुमछुम, नाण्यांचा छनछनाट. मराठीच्या प्राथमिक इयत्तांत ध्वनिदर्शक शब्दांच्या या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतल्या जात आहेत. जोडी जुळली की गुण मिळतो आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्याने पानांची सळसळ कधी लक्ष देऊन ऐकली आहे काय, ती पिंपळाची होती की ताडाची, याची चौकशी कोणी करीत नाही. जे शब्द कानाने घडवले ते शाळेत डोळ्यांनी शिकवले जावेत, हा विरोधाभास इतका अंगवळणी पडला आहे की तो आता कोणाला खटकतही नाही.

श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन हा भाषाशिक्षणाचा क्रम शिक्षकांच्या प्रशिक्षणात प्रारंभीच सांगितला जातो. त्यातील शेवटच्या दोन कौशल्यांना तास आहेत, वह्या आहेत, परीक्षा आहेत. भाषणाला निदान स्नेहसंमेलनाचे व्यासपीठ मिळते. पहिल्या क्रमांकाच्या श्रवणाच्या वाट्याला मात्र ‘गप्प बसा आणि ऐका’ एवढी आज्ञाच येते. ऐकणे म्हणजे न बोलणे, असा समज त्यातून दृढ होतो. वस्तुतः ऐकणे ही शिकवावी लागणारी कृती आहे. ती वयाबरोबर आपोआप येते असे मानणे चुकीचे आहे.

या दृष्टीने ‘साउंडस्केप’ या कल्पनेकडे प्राथमिक शिक्षकांनी गांभीर्याने पाहावयास हवे. भूप्रदेशाचे जसे एक दृश्य असते तसा त्याचा एक ध्वनिपरिसरही असतो, हा विचार कॅनडातील संगीतकार आर. मरी शेफर यांनी व्हँकुव्हरजवळील सायमन फ्रेझर विद्यापीठात काम करताना विस्ताराने मांडला. ते केवळ सिद्धान्त सांगून थांबले नाहीत. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोट्या पुस्तकाचे नावच ‘कान स्वच्छ करणे’ या अर्थाचे आहे. पुढे १९९२ साली त्यांनी ऐकण्याचे आणि ध्वनी निर्माण करण्याचे शंभर अभ्यास एकत्र केले. काही क्षण स्तब्ध बसावे आणि जे जे ध्वनी कानी पडतील त्यांची यादी करावी, हा त्यांतील अगदी साधा अभ्यास. त्याला ना यंत्र लागते, ना पैसा.

ही कल्पना परदेशी म्हणून बाजूला सारण्याचेही कारण नाही. माँटेसोरी पद्धतीत शांततेचा खेळ प्रथमपासून आहे. मुले निश्चल बसतात आणि एरवी ऐकू न येणारे बारीक आवाज त्यांना ऐकू येऊ लागतात. ही पद्धत ज्यांनी या भूमीत रुजवली त्या ताराबाई मोडक यांनी १९४५ नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्यासह, शिंपले, खडे, बिया, पाने यांनाच शैक्षणिक साधने केले. परिसरातून साधन उचलण्याची ही परंपरा महाराष्ट्राची स्वतःची आहे. परिसरातील ध्वनी हे त्याच परंपरेतील पुढचे साधन ठरते.

वर्गात त्याचा उपयोग काय? चित्र दाखवले की मुलाला सर्व काही आयते मिळते. नुसता आवाज ऐकवला की चित्र त्याला स्वतः उभे करावे लागते, आणि ते दुसऱ्याला सांगण्यासाठी शब्द शोधावे लागतात. आठवडी बाजाराचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण लावून ‘येथे काय चालले आहे, किती माणसे आहेत, कोण घाईत आहे’ असे विचारले तर एरवी मुका राहणारा वर्गही बोलू लागतो. पावशाची हाक ऐकवावी. मराठी शेतकऱ्याला ती ‘पेर्ते व्हा’ अशी ऐकू येते, हिंदी भाषकाला ‘पी कहाँ’ अशी, तर इंग्रजांना त्याच सुरात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला. पक्षी एकच, ऐकणारे कान तीन. मेळघाटातील कोरकू मुलाला किंवा सातपुड्यातील पावरी बोलणाऱ्या मुलीला त्यात काय ऐकू येते, हे शिक्षकाने विचारले तर त्या मुलांची घरची भाषा अडचण न राहता वर्गाची संपत्ती होते.

लिपीला जे दाखवता येत नाही तेही कान शिकवतो. ‘चहा’तील च आणि ‘चाक’ या शब्दातील च मराठीत एकाच अक्षराने लिहिले जातात. त्यांतील भेद ऐकूनच कळतो. हीच गोष्ट थोड्या फरकाने ल आणि ळ, न आणि ण यांची. हे भेद ज्याच्या कानात पक्के बसलेले नाहीत, त्याची शुद्धलेखनाची वही कितीही लाल शाईने भरली तरी उपयोग मर्यादितच होणार.

दुसरा लाभ परिसर अभ्यासाचा. या विषयाच्या पुस्तकांत नकाशे आहेत, चित्रे आहेत. परिसर ऐकायचा असतो याचे भान मात्र फारसे नाही. जात्याची घरघर, लोहाराच्या भात्याचा उसासा, मोटेच्या चाकाची कुरकुर हे आवाज जनजीवनातून गेले वा जात आहेत. त्यांच्यासाठी घडलेले शब्द आवाजांमागून जाणार, हे उघड आहे. मुलांनी आजी-आजोबांना विचारून अशा आवाजांची नोंद केली, जे अजून ऐकू येतात ते मुद्रित केले, तर भाषा, इतिहास आणि परिसर हे तीन विषय एकाच उपक्रमात शिकून होतात.

अर्थात या साधनाविषयी अवास्तव दावे करू नयेत. आवाज ऐकवल्याने वाचन आपोआप येणार नाही; अक्षर आणि उच्चार यांची सांगड शिक्षकालाच घालून द्यावी लागेल. मोबाइलवर पाऊस लावून मुलांना डोळे मिटवून बसवणे आणि आपण हजेरीपट भरणे, याला अध्यापन म्हणता येणार नाही. अंगणात पाऊस पडत असताना मुद्रित पाऊस ऐकवणे तर हास्यास्पदच. प्रथम प्रत्यक्ष ऐकणे, मग मुद्रण आणि शेवटी शब्द, हा क्रम सुटता कामा नये.

या प्रश्नाची आणखी एक बाजू अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज अध्यापनाच्या वेळी ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा असे सुचवले. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि दिवसा ५० डेसिबलची मर्यादा घातली. रस्त्यालगतच्या कोणत्याही शहरी शाळेत दहा मिनिटे बसले की या नियमाचे काय झाले ते समजते. ज्या वर्गातील मुलांनी पाच मिनिटे कान देऊन आवाजांची यादी केली, त्या यादीत भोंगे आणि ध्वनिक्षेपकच भरले असतील, तर तो कागद ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला दाखवण्याजोगा पुरावा ठरेल. शिवाय या अभ्यासात जे मूल वारंवार मागे पडते, ते कदाचित मंदबुद्धी नसून त्याला कमी ऐकू येत असेल, ही शंका शिक्षकाच्या मनात वेळीच येईल. अशा एका मुलाची कानाची तपासणी झाली तरी तो तास सार्थकी लागला.

शिक्षण खात्याने यात काय करावे, यापेक्षा काय करू नये हे सांगणे अधिक आवश्यक आहे. ध्वनियंत्रांच्या खरेदीची निविदा काढू नये. वेळापत्रकात जागा नसेल तर यंत्र कपाटात जाते. उपक्रमाची छायाचित्रे आणि दैनिक अहवाल मागवू नयेत. माहिती भरण्याच्या ओझ्याखाली शिक्षक आधीच वाकलेला आहे. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटांची मोकळीक द्यावी आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांना आपले अनुभव व मुद्रणे परस्परांना देता यावीत, एवढे पुरेसे आहे. बाकीचे काम चांगला शिक्षक स्वतः करतो.

समाजात आज बोलणारे उदंड झाले आहेत. दुसऱ्याचे पूर्ण ऐकून घेण्याची सवय मात्र सभागृहापासून घरापर्यंत सर्वत्र दुर्मीळ होत आहे. ही सवय मोठेपणी उपदेशाने लागत नाही. पहिलीतल्या मुलाने खिडकीबाहेरच्या चिमणीचा आवाज ऐकण्यासाठी एक मिनिट श्वास रोखून धरला, तर तिचा प्रारंभ तेथे होऊ शकतो. तेवढे एक मिनिट शाळेने त्याला द्यावे.