दऱ्यांचा दर्या

पीडीएफमधून उतरवलेला किंवा वर्डमधून आणून चिकटवलेला मराठी मजकूर हाती आला की त्यात दुहेरी-तिहेरी स्पेस, ओळीच्या शेवटी लोंबणाऱ्या मोकळ्या जागा आणि मधूनच टॅब सापडायचेच. शेकडो फायली हाताने निवडत बसण्यात अर्थ नाही. टर्मिनल उघडून ‘सेड’ किंवा ‘टीआर’ हे मजकूर बदलणारे प्रोग्राम चालवले की काम क्षणात उरकते. सेड बेल लॅब्जमध्ये ली मॅकमेहन यांनी १९७३-७४ च्या सुमारास लिहिला आणि अजून तो खणखणीत चालतो. इथवर तक्रार नाही.

तक्रार आहे ती ‘न दिसणारे सगळे काढून टाका’ छापाच्या आज्ञांबद्दल. इंग्रजी मजकुरात त्यांनी सहसा काही बिघडत नाही. मराठीत बिघडते, कारण न दिसणारे प्रत्येक चिन्ह इथे कचरा नसते. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन रीतींनी साठवला जातो. एका रीतीत नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि या. दुसरीत साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हे शून्य रुंदीचे चिन्ह आणि या. पडद्यावर दोन्ही सारखेच. दुसऱ्या रीतीतला जॉइनर उडाला की र चा रफार होऊन डोक्यावर बसतो आणि सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्यांना दिलेली मजुरी आचार्यांना जाते; बढतीच म्हणायची! शब्दतपासनीसाकडूनही आशा नको, ‘दर्या’ आणि ‘आचार्यांना’ हे शब्द चुकीचे थोडेच आहेत?

टीआरचा प्रकार आणखी वाईट. लिनक्सवरचा जीएनयूचा टीआर अक्षर पाहत नाही, सुटे बाइट पाहतो. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत जॉइनरचे बाइट तीन: ई२, ८० आणि ८डी. जॉइनर काढायला सांगा, हे तिन्ही तो दिसतील तिथून खुडतो. आता दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट ८० आणि हलन्ताचा ८डी. म्हणजे एकूण एक ‘ची’, ‘ली’ आणि हलन्ताचे प्रत्येक जोडाक्षर फुटते. निदान ही मोडतोड डोळ्यांना दिसते तरी. दऱ्यांचा दर्या दिसत नाही, तो थेट छापून येतो.

मराठी फायली साफ करणाऱ्यांना एवढीच विनंती: जे काढायचे ते नाव घेऊन काढा. स्पेस म्हणजे स्पेस, टॅब म्हणजे टॅब. जॉइनर नकोच असेल तर आधी र-हलन्त-जॉइनर या तिघांच्या जागी ऱ-हलन्त बसवा, उरलेले मग पाहा. सेडला ही एका ओळीची आज्ञा आहे. आणि सेडचा ‘-आय’ हा पर्याय मूळ फाइलच बदलून टाकतो. त्याला लागूनच ‘.बॅक’ असे शेपूट लिहिले, तर जुनी प्रत शाबूत राहते.