तीस गुंठ्यांचं गणित



आज एक गणित घालते. घाबरू नका, साधा भागाकार आहे. एका पणजोबांकडे 12 एकर रान होतं. त्यांना चार मुलगे. प्रत्येकाच्या वाट्याला किती आलं? तीन एकर, बरोबर. त्या चौघांतले एक आजोबा वारले. त्यांचे मुलगे दोन. आता प्रत्येकाला किती?

"दीड एकर!" असं तुम्ही म्हणाला असाल, तर तुम्ही चुकलात. आमच्या वर्गातला एक मुलगाही असाच चुकला होता. ते रान त्याच्या घरचंच होतं.

त्याचं असं झालं. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत मोजमापाचा धडा चालू होता. मी मुलांना सांगितलं, "उद्या घरून सातबाऱ्याची झेरॉक्स आणा. आपल्या रानाचंच गणित करू." तलाठी भाऊसाहेबांच्या दप्तरातले नमुना 7 आणि नमुना 12 एकत्र लिहिले की झाला सातबारा. जमीन कोणाची ते सात सांगतो, तिच्यात काय पिकलं ते बारा सांगतो. एका कागदावर अख्खं घर असतं म्हणा ना!

दुसऱ्या दिवशी आधी आम्ही पटांगणात गेलो. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद असा चौकोन फक्कीनं आखला आणि सगळा वर्ग त्यात उभा केला. हा झाला एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. "एवढ्याशा जागेसाठी आमच्या भावकीत बांध कोरण्यावरून भांडणं व्हत्यात बाई," एक जण म्हणाला. सगळे हसले. पण खोटं काय होतं त्यात?

मग कागद निघाले. तो मुलगा गप्प बसला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "त्याला कशाला विचारता बाई, ते तर उसाला जात्यात." तसा तो ताडकन उठला. "आमचं बी रान हाय! तीन एकर! माझ्या पप्पाचं दीड आन चुलत्याचं दीड." खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यानं माझ्या हातात दिला.

मी नावं मोठ्यानं वाचली. दोन नाही, चार निघाली. त्याचे वडील, चुलते, आजी आणि आत्या.

"आत्याचं नुसतं नाव हाय," तो म्हणाला. "ती मागत न्हाई."

पुढच्या बाकावरची एक मुलगी लगेच बोलली, "मागत नाही म्हणजे तिचं नाही का?"

वर्ग चिडीचूप. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कायदा सांगितला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, आणि 2005 मध्ये तो देशभर लागू झाला. वाटणीत बारकावे पुष्कळ असतात, ते मोठेपणी वकिलांकडून समजून घ्या. पण चौघांचे हिस्से सारखे धरले, तर 120 भागिले 4, म्हणजे 30 गुंठे. पाऊण एकर!

एवढं सांगून थांबले असते तर बरं झालं असतं. पण "बाई, तुमचं नाव हाय का तुमच्या गावच्या सातबाऱ्यावर?" असा प्रश्न आलाच. खरं सांगावं लागलं. लग्नानंतर मी हक्कसोडपत्रावर सही करून दिली होती. भावानं दादागिरी केली नाही, कोणी रागावलं नाही. सगळ्या बहिणी करतात, म्हणून मीही केली. पण तो कागद मी वाचलासुद्धा नव्हता. तुम्हाला रोज "प्रश्न दोनदा वाचा" म्हणणारी मी! हक्क ठेवायचा की सोडायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण मुलींनो, न वाचता सही करू नका. आणि मुलांनो, आपल्या बहिणीला न वाचता सही करू देऊ नका.

आता त्या 30 गुंठ्यांकडे वळू. आमच्याकडची शेती पावसाच्या भरवशावर. बाजरी, ज्वारी, थोडी कपाशी. पाऊण एकरात घर कसं चालणार? म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची गाडी येते. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, तान्ही पोरं सगळं गाडीत चढतं. थेट उन्हाळा तोंडावर येईपर्यंत फडाजवळच्या कोपीत मुक्काम.

गंमत बघा. आपल्या जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा, नकाशा उघडा. उत्तरेला प्रवरेचं पाणी. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस तिकडे पिकतो आणि तो तोडणारे हात आमच्यासारख्या कोरड्या भागातून जातात. जिल्हा एक, पण एक वाट बागायतीची आणि एक कोपीची.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. इंडोनेशियातल्या जावा बेटावर खूप दाट वस्ती आहे. तिथेही वाटण्या होत होत भाताची खाचरं चिमुकली झाली. माणसं जकार्तासारख्या शहरांत कामाला जातात आणि ईदला झुंडीनं गावी परततात. त्या परतीच्या प्रवासाला तिथे 'मुदिक' म्हणतात. आपल्याकडे एकमेकांच्या रानात सावडीनं काम करतात ना? तशा मिळून काम करण्याला तिकडे 'गोतोंग रोयोंग' म्हणतात.

मग गाव सोडणं हाच उपाय आहे का? नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. तिथलेही लोक दुष्काळाला कंटाळून पुण्या-मुंबईला गेले होते. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावानं डोंगरावर चर खणले, झाडं लावली, पाणी अडवलं. ग्रामसभेत नियम ठरवले. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, उसासारखं पाणीपिऊ पीक लावायचं नाही आणि गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. गेलेली कितीतरी कुटुंबं परत आली. पोपटरावांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रान तेवढंच होतं, पाणी वाढलं!

प्रवास वाईट नसतो, बरं का. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान धावली, हे आपल्याला ठाऊक हवंच. एसटीनं कॉलेजला जाणं वेगळं आणि शाळा सोडून फडावर जाणं वेगळं.

त्या मुलाचं काय झालं? त्याचे आई-वडील दसऱ्यानंतर गेले. तो आजीजवळ राहिला. गाडी सुटली तेव्हा तो शाळेच्या फाटकाशी उभा होता, आणि त्या दिवशी त्यानं डबा खाल्ला नाही. पण दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर त्यानं चार नावं लिहून आणली. आजी, आत्या, पप्पा, चुलते. प्रत्येकापुढे 30 गुंठे. आत्याचं नाव त्यानं दुसरं लिहिलं होतं.

तुमच्या ओळखीचं कोणी उसाला जात असेल, तर त्याला सांगा, शाळेतून शिक्षण हमी पत्रक घेऊन जा. जिथे मुक्काम असेल तिथल्या शाळेत बसता येतं. बसू देणं हे त्या शाळेचं कामच आहे.

आणि हा तुमचा अभ्यास. घरातल्या मोठ्यांना विचारून सातबारा बघा. किती नावं आहेत? त्यात बायकांची किती? रान नसेल तर आजोबा या गावात कुठून आले, ते विचारा आणि मला लिहून कळवा.

भेटू पुढच्या अंकात!

तुमच्या बाई