रोजा आहे का, हे विचारायला हवे

घाटकोपरचे राजावाडी असो की जुहूचे कूपर, पालिकेच्या रुग्णालयात केसपेपरची रांग सगळ्यांना सारखीच लांब. ही झाली समानता. पण मधुमेहाची गोळी 'सकाळी एक, रात्री एक' लिहून दिली आणि समोरच्या बाईंचा रोजा असला, तर ते सारखेपण त्यांच्या जिवावर बेतू शकते. सहरी ते इफ्तार साधारण तेरा तास पोटात पाणीही नसते, आणि काही औषधांनी साखर झपाट्याने उतरते. डॉक्टर रागावतील म्हणून अनेक जण रोजा लपवतात, गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलतात.

कुरआनने आजाऱ्याला सूट दिली आहे (सूरह बकरा, १८४-१८५). राहिलेले रोजे बरे झाल्यावर धरता येतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची २०२१ची मार्गदर्शिका सांगते की, साखर ७०च्या खाली गेली तर रोजा सोडावा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही तीत आहे. घरोघरी हे अजून पटलेले नाही!

प्रश्न एकट्या रमजानचा नाही. घाटकोपर-मुलुंडात पर्युषणात अठ्ठाई होते, नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास होतात. तंबाखू खाता का, हे डॉक्टर सहज विचारतात. तसेच 'उपवास, रोजा धरता का?' हेही विचारावे. ओपीडीतली गर्दी मान्य, पण हे एकच वाक्य आहे.

मार्गदर्शिकेप्रमाणे तपासणी सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे रजब महिन्यात व्हायला हवी. वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविका तेव्हाच आठवण करून देऊ शकतात. यंदा रजब उलटला. पण रुग्णाला आजच्या ओपीडीत आपणहून सांगता येईल.