'निधी वळवला' म्हणणे आता पुरे!

सामाजिक न्यायाच्या पैशाची बातमी आली की एक शब्द ठरलेला असतो : 'निधी वळवला'. वर्तमानपत्रे तोच छापतात, मंत्री तोच बोलतात आणि आपल्या निवेदनांतही आपण तोच लिहितो. पाणी वळवावे, वाहतूक वळवावी, तसा पैसा वळवला! कोणाचे घेतले आणि कोणी घेतले, हे या शब्दात येतच नाही.

मुळात हा पैसा काय आहे? सहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विशेष घटक योजना आली. विकासखर्चातला लोकसंख्येच्या प्रमाणातला वाटा अनुसूचित जातींसाठी वेगळा ठेवायचा, हे तिचे सूत्र. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. आदिवासी उपयोजना त्याच्याही आधीची. गावात ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के आणि जिल्हा परिषदेच्या सेस फंडातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांवर खर्च करायची असते. म्हणून 'राखीव निधी' ही कोणाची मेहेरबानी नाही. तो आपला वाटा आहे. वाटा दुसरीकडे गेला तर त्याला वाटा मारणे म्हणतात.

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये गेले. खुद्द खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यावर उत्तर आले की या योजनेत अनुसूचित जातीच्या बहिणीही आहेतच. आहेत ना! पण त्या या राज्याच्या नागरिक म्हणून आहेत. सर्वांसाठीच्या योजनेत त्यांचा हक्क सर्वांच्या तिजोरीवर आहे. विशेष निधी शतकानुशतकांची दरी भरून काढण्यासाठी आहे. वसतिगृह, शिष्यवृत्ती, स्वाधार यांच्यासाठीचा पैसा सर्वसाधारण योजनेला लावायचा आणि वर 'तुम्हालाच दिला' म्हणायचे, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

यापेक्षा सफाईदार मार्गही आहे. अर्थसंकल्पात अनुसूचित जातींच्या वाट्यासाठी ७८९ हे लेखाशीर्ष असते. सर्वांसाठीच्या कामाचा काही खर्च त्याखाली दाखवला की कागदावर पैसा कुठेच 'वळत' नाही, 'खर्च झाला' अशी नोंद मात्र होते. कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदा केला, पण त्यातल्या कलम ७ (ड) ने नेमकी हीच पळवाट ठेवली. चळवळीच्या रेट्यानंतर २०२३ मध्ये ते कलम रद्द झाले. तरीही हमी योजनांसाठी हाच निधी वापरल्यावरून तिथे वाद सुरूच राहिला. म्हणजे कायदा हवाच, पण पळवाट नसलेला हवा आणि त्यावर आपली नजर हवी.

तेव्हा तरुण मित्रांनो, येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. १५ टक्क्यांची रक्कम किती झाली? ती कोणत्या कामावर गेली? त्या कामाचा लाभ वस्तीतल्या किती घरांना झाला? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. माहिती अधिकाराचा अर्ज करा, नोंदवही पाहा, इतिवृत्तात प्रश्न लिहून घ्यायला लावा. वस्तीच्या नावाने मंजूर झालेला रस्ता वस्तीच्या अलीकडेच संपत असेल, तर तेही मोजून लिहा.

आणि यापुढे निवेदनात 'निधी वळवला' असे लिहू नका. 'आमचा वाटा काढून घेतला, तो परत करा' असे लिहा. शब्द बदलला की मागणीही बदलते.

जय भीम!