आवाळू म्हणून सोडून देऊ नका

पुंडलिकनगरातल्या घराघरांत हे वाक्य ऐकू येतं: ‘आवाळू आहे, दुखत नाही ना? मग राहू दे.’ बहुतेकदा ते खरंही ठरतं. त्वचेखालच्या बऱ्याच गाठी चरबीच्याच असतात आणि त्यांचा काही त्रास नसतो. पण नुसत्या हाताच्या अंदाजावर हा निकाल देण्याची सवय मात्र धोक्याची आहे.

थायरॉइडच्या कॅन्सरचंच पाहा. त्याचा सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी प्रकार बहुधा मानेतल्या गाठींत पसरतो. फॉलिक्युलर प्रकार रक्तावाटे फुप्फुसांत आणि हाडांत जातो. कवटीच्या हाडात तो वाढला की डोक्यावर मऊ फुगवटा दिसतो. क्वचित हा कॅन्सर थेट त्वचेखालीही उतरतो, आणि तेव्हाही तो जास्त करून डोक्यावरच सापडतो. गळ्यातली मूळ गाठ लहान असेल तर गिळायला त्रास होत नाही, आवाज बसत नाही. थायरॉइडच्या टीएसएच या रक्ततपासणीचा रिपोर्टही बहुधा नॉर्मल येतो. मग डोक्यावरची गाठ चरबीची समजून काढली जाते आणि पॅथॉलॉजीत तिच्यात थायरॉइडच्या पेशी दिसतात. असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. काहींचा थायरॉइडचा कॅन्सर त्या गाठीमुळेच कळला.

म्हणून माझा आग्रह आहे: काढलेली कोणतीही गाठ फेकायची नाही, ती बायोप्सीला गेलीच पाहिजे. वाढणारी, कडक, बोटाखाली न सरकणारी किंवा ठोके जाणवणारी गाठ असेल, तर आधी सोनोग्राफी आणि सुईची तपासणी हवी. थायरॉइडच्या कॅन्सरच्या गाठीत रक्तवाहिन्या भरपूर असतात. तयारी नसताना सुरी लावली तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही भीती मनातून काढा. थायरॉइडच्या गाठीसाठी जगभर हीच तपासणी करतात.

पसरला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. थायरॉइडच्या पेशी आयोडीन शोषून घेतात, त्यामुळे उपचारात दिलेलं किरणोत्सारी आयोडीन दूरच्या गाठींपर्यंतही पोचतं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचं या क्षेत्रातलं काम 1963 पासूनचं आहे. रुग्ण 55 वर्षांखालचा असेल, तर पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या दोन्ही प्रकारांत कॅन्सर दूरवर पसरला तरी तो दुसऱ्याच टप्प्यात धरला जातो.

तपासणीला लांब जायची गरज नाही. घाटी रुग्णालय आपल्या शहरात आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आधी थायरॉइडचं ऑपरेशन झालं असेल, तर ते कितीही जुनं असो, त्याची फाइल सोबत न्या आणि डॉक्टरांना आपणहून सांगा. डॉक्टरांनाही विनंती आहे: डोक्यावरची गाठ पाहताना गळ्यालाही हात लावा. आणि घरी कुणाच्या अंगावर गाठ वाढत असेल, तर ती याच आठवड्यात दाखवून घ्या.