वेल्डिंगची गाठ घासू नका

प्रजासत्ताक दिनी माणेकशॉ परेड ग्राउंडवर होणाऱ्या संचलनाचा सराव चालू होता. कवायतीची एक थ्री नॉट थ्री काँक्रीटवर आपटली आणि बोल्टची दांडी मुळापासून तुटली. जिच्या हातून ती पडली तो कॅडेट संध्याकाळी कोतात आला. "उस्ताद, पीण्यात मामांचं वर्कशॉप आहे. उद्याच वेल्ड करून आणतो. पॉलिश केल्यावर कळणारसुद्धा नाही."

पोराची तळमळ खरी होती. पण त्याचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

बोल्ट बाहेर न्यायचा प्रश्नच नव्हता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच धरले आहेत. मामा कितीही कुशल असोत, दुरुस्ती लष्करी वर्कशॉपमध्येच होणार.

खरा मुद्दा पोलादाचा आहे. मॉझर रायफलीच्या बोल्टचे मुख्य खटके पुढच्या टोकाला असतात. म्हणून परदेशी कारागीर दुर्बीण बसवताना तिची दांडी कापून नवी वेल्ड करतात, तेही आच पुढे जाऊ नये याची काळजी घेऊन. आपल्या ली-एनफिल्डचे खटके मागे, दांडीच्या शेजारीच. गोळी सुटताना दर चौरस इंचाला ४० हजार पौंडांहून जास्त दाब होतो, त्याचा धक्का हेच खटके पेलतात. फार तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं. तापल्याची निळी झाक पॉलिशने जाते, मऊपणा जात नाही.

काही सहकारी म्हणतात, कवायतीच्या रायफलीतून गोळी सुटतच नाही, मग एवढं काय? बरोबर आहे, तिला वेल्डिंग चालेल असं माझंही मत आहे. पण तिचा बोल्ट फायरिंगच्या रायफलीतही सरकू शकतो. साफसफाईला चार रायफली एकाच ताडपत्रीवर उघडल्या की अदलाबदल व्हायला कितीसा वेळ लागतो? ओळखायला नंबर असतो, आणि तो ठोकलेला असतो नेमका दांडीवर! भंगारातल्या बोल्टची दांडी जोडली तर नंबरही परका.

म्हणून वेल्डिंग केलंच तर गाठ घासू नये. खडबडीत दिसू द्यावी, वर पांढरा रंग मारावा, कोताच्या रजिस्टरात नोंद करावी. संचलनात रायफल वाईट दिसेल म्हणता? मग ती मागच्या रांगेत द्या.